क्लीनर साईड : खानदेशातील मालवाहतूक आणि चालकाला न दिसणारा रस्ता

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा असे देशातले दोन मोठे रस्ते धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, आणि तेथूनच तिसरा रस्ता दक्षिणेला सोलापूरकडे फुटतो. जुन्या गणनेप्रमाणे हे अनुक्रमे ३, ६ आणि २११ क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग होते. २०१० मध्ये जाहीर झालेल्या नव्या क्रमांकांनुसार धुळ्याच्या उत्तरेचा आणि सोलापूरकडचा रस्ता ५२, नाशिककडचा ६० आणि जळगाव-भुसावळवरून जाणारा ५३ ठरला, तरी लोकांच्या तोंडी आग्रा रोड हा आग्रा रोडच राहिला. या रस्त्यांवरून गेलेल्या मालाचा, म्हणजे कापसाचा, केळीचा आणि तेलबियांचा, इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्याच रस्त्यांच्या कडेने पायी आणि सायकलवर गेलेल्या माणसांचा आणि त्यांना चुकवत धावलेल्या मालट्रकांचा संबंध मात्र अपघातांच्या बातम्यांपलीकडे फारसा तपासला गेलेला नाही. या संबंधाच्या मुळाशी 'अंध क्षेत्र' आहे, म्हणजे चालकाला आपल्या आसनावरून थेट नजरेने किंवा आरशातून न दिसणारा वाहनालगतचा भाग. खानदेशात, आणि खरे तर सबंध देशात, हा भाग जवळजवळ अर्धे शतक कोणत्याही उपकरणाने नव्हे तर क्लीनर नावाच्या माणसाने झाकला. ट्रकची रचना, कायदा आणि धंद्याचा हिशेब या तिघांनीही त्याला गृहीत धरले, आणि म्हणूनच तो गाडीतून उतरू लागला तेव्हा त्याच्या जागी काय बसवायचे याचा विचार कोणी आधी करून ठेवलेला नव्हता.

१८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पुढल्याच वर्षी धुळे हे आपले मुख्य ठाणे केले, त्या वेळी या मुलखात बांधीव रस्ता असा नव्हता. तांडे, बैलांचे कारवान आणि घाटांतून वाट काढणाऱ्या गाड्या यांवरच व्यापार चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई-आग्रा रस्ता आकाराला आला आणि मालेगाव, लळिंगची खिंड, धुळे, सोनगीर, शिरपूर आणि पळासनेर अशी त्याची खानदेशातली ओळ कायम झाली. या रस्त्यावरची कापसाची बैलगाडी अवजड होती, तरी ती माणसाच्या चालीने चाले. गाडीवान पुढे, बैलांच्या पाठीलगत बसे, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या असत आणि चढउतारावर तो खाली उतरून बैलांबरोबर चालत असे. रात्री गाडीखाली टांगलेला कंदील समोरच्याला गाडी दाखवण्यासाठी असे; गाडीवानाला रस्ता दाखवण्याचे काम बैलच करीत. अपघात तेव्हाही होत, पण गाडी हाकणाऱ्याला शेजारून चालणारा दिसतच नाही हा प्रश्न त्या वाहनात उद्भवत नव्हता, कारण हाकणारा आणि चालणारा जवळजवळ एकाच उंचीवर व एकाच गतीने पुढे सरकत होते.

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव व भुसावळ येथे पोहोचली आणि लांब पल्ल्याचा माल रस्त्यावरून रुळांवर गेला. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वेही त्याच सुमारास पुरी झाली, आणि आग्रा रोड काही दशके तरी मोंढ्यापासून स्टेशनापर्यंत माल पोहोचवणारा स्थानिक रस्ता होऊन बसला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्वेचे ठाणे म्हणून जळगावची निवड झाली तीही बरीचशी रेल्वेमुळेच. या काळाचा पुढच्या कथेशी संबंध एवढाच की धुळ्यात आग्रा रोड हीच बाजारपेठ झाली, आणि जळगावातही पुढे महामार्ग झालेला रस्ता वस्तीच्या इतका जवळून गेला की शहर वाढताच तो त्याच्या पोटात आला. मालवाहतूक रुळांवर असताना वाढलेली ही वस्ती, मालवाहतूक पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा तिच्या वाटेतच होती.

ती परत आली ती ट्रकमधून. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, त्याच दशकात मद्रासच्या अशोक लेलँडचे ट्रकही बाजारात आले, आणि पुढची तीसेक वर्षे खानदेशातल्या रस्त्यांवर याच दोन घराण्यांच्या गाड्या प्रामुख्याने दिसत राहिल्या. कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू मात्र बहुधा पूर्ण ट्रक नसे. मालक विकत घेई ती चासी, म्हणजे इंजिन, चाके, सांगाडा आणि समोरचा पत्रा एवढाच ऐवज; त्यावर केबिन आणि हौदा, म्हणजे माल भरायची मागची पेटी, बांधण्याचे काम गावोगावच्या बॉडी बिल्डरकडे जाई. लाकडी चौकट, वर ठोकलेला पत्रा, उंच फाळके, मालकाच्या हौसेप्रमाणे रंगकाम आणि समोरच्या काचेवर झालर, देवाची तसबीर व लिंबू-मिरची असा तो घाट असे. खिडकी किती खाली घ्यायची, दाराचा पत्रा किती उंच ठेवायचा, काचेचा केवढा भाग सजावटीने झाकायचा हे सगळे सुतार आणि मालक यांच्या सोयीने ठरे. चालकाला काय दिसावे हा प्रश्न त्यामुळे अभियंत्याच्या मेजावर गेलाच नाही. या कारागिरीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे, पण तिने चालकाच्या नजरेचा जो संकोच केला त्याची नोंद त्या कौतुकात सहसा सापडत नाही.

हा संकोच नेमका किती, हे साध्या भूमितीने समजते. भारतात वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. सायकलस्वार व पादचारी मात्र रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे ट्रकच्या नेमक्या दूरच्या बाजूला असतात. उदाहरणापुरते असे धरावे की चालकाचे डोळे जमिनीपासून २.४ मीटर उंचीवर आहेत, दोन्ही खिडक्यांची खालची कड १.७ मीटर उंचीवर आहे, उजवी खिडकी डोळ्यांपासून ०.४५ मीटर आणि डावी १.८ मीटर अंतरावर आहे. अशा केबिनमधून उजवीकडची जमीन ट्रकपासून साधारण १.१ मीटरवर दिसू लागते, तर डावीकडची जवळजवळ ४.४ मीटर पलीकडे गेल्यावर. तेवढ्या पट्ट्यातली वस्तू चालकाला दिसायची तर ती पुरेशी उंच हवी. डोके जमिनीपासून १.४ मीटरवर असलेला लहान चणीचा सायकलस्वार किंवा शाळकरी मुलगा ट्रकच्या डाव्या अंगाला पाऊण मीटरपेक्षा जवळ आला, तर थेट नजरेच्या लेखी तो तेथे नसतोच. जुन्या, पुढे नाक असलेल्या ट्रकमध्ये बोनेटखालचा पुढचा भागही असाच झाकला जाई. पुढे सपाट तोंडाच्या केबिन आल्यावर नाकाची अडचण गेली, पण आसन उंच झाले आणि बंपरला लागून रस्ता ओलांडणारा बुटका माणूस काचेच्या खालच्या कडेआड जाऊ लागला. वळणावर याच्या जोडीला दुसरा दोष येतो. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कापत जातात, आणि सांगाडा जितका लांब तितके हे कापणे अधिक. पुढचा भाग सुखरूप पुढे गेलेला पाहून निर्धास्त झालेला सायकलस्वार मग मागच्या चाकांत सापडतो. चालकाला तो आधीही दिसलेला नसतो आणि नंतरही दिसत नाही.

ट्रकवाल्यांच्या बोलीत केबिनच्या या दूरच्या बाजूला 'क्लीनर साईड' म्हणतात, कारण तेथे क्लीनर बसे. ग्रामीण उच्चारात किन्नर झालेला हा मुलगा गाडी पुसणारा म्हणून ओळखला गेला, तरी त्याचे काम त्याहून फार मोठे होते. टायरवर ठोकून हवा अजमावणे, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, रात्री फाळक्याजवळ झोपून माल राखणे ही त्याची ठरलेली कामे होती, आणि त्यांच्या बरोबरीने डावी बाजू पाहणे हेही. गावातून जाताना तो खिडकीतून अर्धा बाहेर झुकून सायकलवाल्याला हाक देई, बैलगाडी मागे सरकवायला सांगे, दाराच्या पत्र्यावर तळव्याने थापा मारून चालकाला जागा किती उरली ते कळवी. गाडी मागे घ्यायची असली की खाली उतरून मागच्या कोपऱ्यावर उभा राही आणि 'येऊ द्या, येऊ द्या' चा सूर धरी. थापांची लय बदलली की चालक ब्रेक लावी. त्या काळच्या ट्रकला डावीकडे बरा आरसा असो वा नसो, हा माणूस आरशापेक्षा एका बाबतीत सरस होता: त्याला नुसते दिसत नव्हते, तर कडेच्या माणसाशी बोलताही येत होते. या कामाची पायरी चढूनच तो पुढे चालक होई, आणि डावीकडून गाडी कशी दिसते याचे ज्ञान त्याच्याबरोबर उजवीकडच्या आसनावर जाई. चालकांची ही शिक्षणपद्धती कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नव्हती, तरी ती होती.

कायद्याने त्याला ओळखले, पण अर्धवट. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याच्या व्याख्येत चालक आणि वाहकाबरोबर क्लीनरचे नाव आहे, कामाचे तास व विश्रांती यांचे नियमही त्यात आहेत. मात्र तो कायदा पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होतो, आणि एक-दोन गाड्यांवर संसार चालवणारे छोटे मालक हाच ज्या धंद्याचा मोठा भाग, तेथे क्लीनर त्या व्याख्येत असूनही तिच्या आश्रयाबाहेर राहिला. अवजड मालवाहनावर चालकाबरोबर परिचर असावा, असा महाराष्ट्राच्या मोटार वाहन नियमांचा आग्रह होता. त्याने पगार किती मिळवावा, किती तास जागे राहावे आणि तो सज्ञान आहे की नाही हे पाहणारी यंत्रणा मात्र रस्त्यावर क्वचितच दिसली. ज्या डोळ्यावर सायकलवाल्याचा जीव अवलंबून होता तो बहुतेक वेळा झोपेने जड झालेला असे, हे या व्यवस्थेच्या गुणगानात विसरता कामा नये.

या ट्रकची दुसरी सवय होती आवाजावर विसंबण्याची. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' अशी विनंती रंगवलेली असे, आणि तिच्या उगमाविषयी अनेक कथा सांगितल्या जात असल्या तरी तिचा व्यवहारातला अर्थ सरळ होता: चालकाला मागचे दिसत नाही, तेव्हा मागच्याने ऐकवावे. उंच भरलेल्या मालामुळे मागची काच निरुपयोगी, आरसा एकच आणि थरथरणारा, अशा गाडीत कानाने पाहणे ही सोय नसून गरज होती. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ही अक्षरे रंगवण्यास बंदी केली ती ध्वनिप्रदूषण कमी व्हावे म्हणून, आणि हेतू योग्यच होता. पण सायकलस्वाराला हॉर्न नसतो आणि पादचाऱ्याला तर घंटाही नसते, त्यामुळे कानावर चालणाऱ्या या व्यवस्थेत ते दोघे आरंभापासूनच मुके होते, हे बंदीच्या आधीही कोणी फारसे लक्षात घेतले नव्हते.

खानदेशातल्या मालाने या दोषाला स्वतःची धार दिली. रावेर, यावल आणि सावदा-फैजपूर परिसरातली केळी फ्रूटसेल सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून आधी रेल्वेच्या वाघिणींनी उत्तरेकडे जात असे. पुढे ट्रकने तिचा मोठा वाटा उचलला. केळी पिकायला लागली की भाव पडतो, म्हणून केळीची गाडी भरली की थांबत नाही, आणि ती भरली जाते ती गावाच्या आत, बागांच्या बांधाला लागून असलेल्या अरुंद रस्त्यांवर, जेथे मजूर बायका आणि शाळेची मुले त्याच वेळी त्याच कडेने चालत असतात. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर असा गावागावांच्या पोटातून जातो. कापसाची गाडी याउलट सावकाश चालते, पण तिच्या हौद्याबाहेर फुगलेला माल आरशाच्या रेषेतच येतो. वाळूचे डंपर गिरणा आणि तापीच्या पात्रांतून निघतात ते आडवाटांनी, बऱ्याचदा अंधारात. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या आणि साखर कारखान्यांच्या हंगामातली उसाची वाहने यांचाही हिशेब याच खात्यात धरावा लागतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची लांबलचक पाती घेऊन जाणाऱ्या ट्रेलरांबरोबर पुढेमागे वाहने आणि वळणावर खाली उतरून दिशा दाखवणारी माणसे असत. अवाढव्य मालासाठी डोळ्यांची तजवीज आपसूक होते. रोजच्या चौदा टायरी गाडीसाठी ती करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

कडेने चालणाऱ्यांत केवळ रोजचे कामकरी नव्हते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी खानदेशातून हजारो भाविक सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात आणि त्यांच्या वाटेचा मोठा भाग महामार्गाच्या कडेचा असतो. संत मुक्ताबाईंची पालखी ज्या मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते ते गावही सुरत-नागपूर महामार्गावरच आहे. पदयात्री रात्री आणि पहाटे चालणे पसंत करतात, कारण खानदेशातल्या चैत्रात दुपारी चालवत नाही. नेमक्या त्याच वेळी ट्रकही धावतात, आणि कारणही तेच असते: तापलेल्या डांबरावर टायर फुटण्याची भीती.

अपघात वाढत गेले तसे खानदेशाने त्यावर जे उत्तर शोधले ते सर्वस्वी रस्त्याचे उत्तर होते, वाहनाचे नव्हे. धुळ्यात आग्रा रोडवरची जड वाहतूक शहराच्या बाहेरून वळवली गेली आणि बाजारपेठ मोकळी झाली. पण नव्या रस्त्याभोवतीही वस्ती वाढली आणि पारोळा चौफुली, नगावबारी ही नावे गर्दीशी जोडली गेली. चौफुली म्हणजे चार रस्त्यांचा छेद; खानदेशात महामार्गावरच्या अशा प्रत्येक छेदाला हेच नाव लागते. जळगावची स्थिती अधिक बिकट होती. खोटेनगरपासून आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली असा महामार्ग शहराचे दोन भाग करीत जातो. पश्चिमेला गिरणेपलीकडे बांभोरी येथे १९९० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, महाविद्यालये आणि कारखाने असल्याने विद्यार्थी व कामगार सायकली आणि दुचाकींवर रोज त्याच डांबरावर येत. महामार्गाला लागून स्थानिक वाहनांसाठी वेगळे समांतर रस्ते करावेत ही मागणी जळगावात वर्षानुवर्षे चालली, प्रत्येक मोठ्या अपघातानंतर रास्ता रोको झाले, आणि अखेर चौपदरीकरण, भुयारी मार्ग व पाळधीहून तरसोदकडे जाणारा बाह्यवळण रस्ता अशा रूपांनी तिला उत्तर मिळू लागले. माणसे आणि ट्रक यांना वेगळे करणे हा उपाय उत्तमच आहे, किंबहुना जेथे शक्य तेथे तोच पहिला असावा. पण बाह्यवळणावरून आलेला ट्रकही शेवटी बाजार समितीत, जिनिंगमध्ये किंवा औद्योगिक वसाहतीत शिरतोच, आणि शेवटच्या त्या दोन-तीन किलोमीटरांत, डावीकडे वळताना, त्याला सायकलवाला दिसतो की नाही हा प्रश्न रस्ता रुंद करून सुटत नाही.

पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत थांब्यावरच्या माणसांत व हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला, तेव्हा चर्चा उतार, ब्रेक आणि गतिरोधक यांची झाली, आणि त्या घटनेपुरती ती बरोबर होती. अंध क्षेत्रातला मृत्यू मात्र असा गाजत नाही. तो एकट्याचा असतो, चौकात किंवा फाटकाशी होतो, आणि पोलिसांच्या कागदांत 'हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून' या ठरीव शब्दांखाली जमा होतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ असो वा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ असो, दोन्हींची नजर चालकाच्या निष्काळजीपणावर आहे. चालकाला दिसूच शकत नव्हते, असे वाहन कोणी बनवले, कोणी पास केले, हे विचारायला त्या कागदात जागा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, ७४,८९७ दुचाकीवरचे होते आणि सायकलस्वार पाच हजारांच्या आसपास. अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे ही कारणांची सदरे त्या अहवालात आहेत. चालकाला न दिसणे हे स्वतंत्र सदर नाही. जे मोजले जात नाही त्यावर नियम उशिरा होतात.

दरम्यान क्लीनर कमी होत गेला. त्यासाठी कोणताही एक निर्णय कारणीभूत नव्हता. डिझेल, टोल आणि हप्ते यांनी भाड्यातला नफा कुरतडला. गाड्या अधिक टायरांच्या आणि अधिक क्षमतेच्या झाल्या, पॉवर स्टिअरिंग व बऱ्या ब्रेकांमुळे घाटात दगड लावायला माणूस लागेनासा झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमेवरची कर-नाक्यांची रांग संपली आणि कागद घेऊन धावणाऱ्या पोराची गरजही त्याबरोबर घटली. शिकलेली मुले या कामाकडे फिरकेनाशी झाली, आणि जी आली असती त्यांना द्यायला मालकाकडे पगार उरला नाही. मालकांच्या हिशेबात क्लीनरची यादीतली सगळी कामे यंत्राने किंवा कायद्याने हलकी केली होती. यादीत न लिहिलेले एकच काम, डावीकडे पाहण्याचे, तेवढे उरले, आणि ते कोणाच्याच हिशेबात नव्हते.

आरशाने ते काम उचलावे अशी अपेक्षा होती, पण आरशाचा कायदा वेगळ्याच हेतूने लिहिलेला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मालवाहनाला बाहेरून आरसा बंधनकारक केला तो मागून येणारी वाहने चालकाला स्पष्ट दिसावीत म्हणून. लगतच्या चाकाशी उभा असलेला माणूस त्या भाषेत नव्हता. पुढे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमार्फत जी वाहन मानके तयार झाली, त्यांत आरशांचे प्रकार आणि त्यांची जागा ठरवली गेली: दूरचे दाखवणारा मुख्य आरसा, अधिक फुगीर असल्याने रुंद पट्टा दाखवणारा आरसा, डाव्या दारावर खाली झुकलेला लगतची जमीन दाखवणारा आरसा. युरोपने हाच मार्ग आधी चालून पाहिला होता. नेदरलँड्समध्ये सायकलींची संख्या मोठी, तेथे २००३ पासून ट्रकला अंध क्षेत्र दाखवणारा जादा आरसा किंवा कॅमेरा सक्तीचा झाला. पण आरसे वाढले तशी चालकाला क्षणार्धात पाहायची ठिकाणेही वाढली, आणि वळताना तो योग्य आरशात योग्य क्षणी पाहील याची खात्री देता येईना. लंडनने म्हणून मुळालाच हात घातला. चालकाच्या आसनावरून थेट डोळ्यांनी किती दिसते यावर ट्रकला शून्य ते पाच तारे देण्याची पद्धत तेथे आली, मार्च २०२१ पासून अवजड ट्रकला त्यानुसार परवाना लागू लागला, आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे नसलेल्या गाडीला सुधारित सुरक्षा संच बसवल्याशिवाय शहरात प्रवेश उरला नाही. खाली काच असलेले डावे दार आणि ठेंगणी केबिन ही या धोरणाने पुढे आणलेली रूपे आहेत. खानदेशी बॉडी बिल्डरला यातले निदान पहिले करणे अवघड नव्हते, कोणी मागितले असते तर.

२०२५ मध्ये दोन मसुदे निघाले. केंद्रीय मंत्रालयाने अवजड वाहनांत अंध क्षेत्राची सूचना देणारी आणि गाडी जागेवरून हलताना समोरचा पादचारी वा सायकलस्वार ओळखणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत अशा यंत्रणांची मानके त्याआधीच झाली होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात मालवाहतूकदारांचा संप झाला, क्लीनरची सक्ती आणि ती मोडल्याबद्दलचा दंड रद्द करा ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, आणि त्यानंतर राज्याच्या परिवहन विभागाने चालकाला गाडीभोवतालचे अंध भाग दाखवून इशारा देणारी सहायक यंत्रणा असलेल्या अवजड वाहनांना परिचराच्या अटीतून सूट देणारा मसुदा काढला. क्लीनर हा ट्रकचा डोळा होता ही गोष्ट कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे प्रथमच आली, आणि तीही त्याला कमी करताना. वाहतूकदारांची मागणी गैर म्हणता येणार नाही. जो माणूस मिळतच नाही त्याच्या अभावाचा दंड भरत राहणे कोणालाही जाचेल. परंतु पडदा दाखवतो आणि घंटा वाजवतो, कडेच्या माणसाला हाक मारत नाही. शिवाय खानदेशातल्या धुळीने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने माखलेला कॅमेरा उभ्या गाडीवर, पासिंगच्या दिवशी तपासून भागणार नाही.

जुन्या गाड्यांचा प्रश्न या दोन्ही मसुद्यांच्या कडेला राहतो. केंद्राचा प्रस्ताव नव्याने बनणाऱ्या वाहनांचा आहे आणि राज्याची सूट यंत्रणा बसवणाऱ्यांना आहे. जी गाडी क्लीनरही ठेवत नाही आणि यंत्रणाही बसवत नाही, ती दंड भरून पूर्वीसारखीच धावते, आणि धुळे व जळगावच्या परिवहन कार्यालयांत तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला येणाऱ्या गाड्यांत अशा जुन्या ट्रकांचा भरणा मोठा असतो. युरोपीय संघाने हीच अडचण २००७ च्या एका निर्देशाने सोडवली: १ जानेवारी २००० नंतर नोंदलेल्या, आधीच रस्त्यावर असलेल्या जड ट्रकांनाही ३१ मार्च २००९ पर्यंत रुंद दृश्य देणारा आणि लगतची जमीन दाखवणारा आरसा लावणे त्याने भाग पाडले. त्यासाठी नवा ट्रक, कॅमेरा किंवा संगणक लागला नाही. दारावर एक दांडी आणि तिच्यावर फुगीर काच लागली, आणि ती लावल्याशिवाय वार्षिक दाखला न देण्याचा अधिकार लागला. तसा अधिकार या दोन्ही कार्यालयांकडे आजही आहे. नाही तो जुन्या गाडीच्या डाव्या दारावर असा आरसा मागणारा नियम.